लॅम्परूमवाल्याचा जावई

आमच्याकडे जावयाला कुणी चूक म्हणत नाही. जावई दारात आला की सासरा वयानं कितीही मोठा असो, वाकून त्याच्या पाया पडतो, आणि जावई जे बोलेल त्यावर सासरच्या घरात दुसरं कुणी बोलत नाही. लग्न झालं तेव्हा मला याची लाज वाटायची. वडिलांच्या वयाचा माणूस माझ्या पायाशी वाकताना पाहून मी मागं सरायचो. दोन-तीन वर्षांत सवय झाली आणि मागं सरणं बंद झालं. पुढं पुढं तर मी पाय जुळवून नीट उभा राहायला लागलो, त्यांना सोपं जावं म्हणून. हे लिहितानाही कानशिलं गरम होताहेत. पण सुरुवात इथूनच करायला हवी, कारण त्या संध्याकाळी जे झालं ते या सवयीतूनच झालं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी तिकडच्या बाजूला नोकरीत होतो. अर्ज करून, चकरा मारून भंडाऱ्याच्या बाजूला बदली घेतली आणि शहापूरला बिऱ्हाड केलं. नववी-दहावीला विद्युतधारा शिकवणं हा माझा हातखंडा. फळ्यावर बॅटरी काढायची, बटन काढायचं, बल्ब काढायचा, एक तार जाणारी, एक तार येणारी. मग खडू आपटून विचारायचं, परिपथ पूर्ण झाला का? ज्याला उत्तर आलं नाही तो तासभर उभा. सर तापट आहेत हे पोरांच्या घरीसुद्धा माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा अभिमानच होता.

माझे सासरे तुमसरपलीकडच्या चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणीत होते. मी त्यांना मामाजी म्हणायचो, ते मला जवाईबापू. शाळेत सहकाऱ्यांनी विचारलं की मी सांगायचो, सासरे खाणीत इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटला आहेत. खरं म्हणजे ते लॅम्परूममध्ये होते. खाणीत खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या टोपीला एक दिवा लागतो, आणि त्याची बॅटरी कमरेच्या पट्ट्याला. हे दिवे चार्ज करायचे, पुसायचे, तपासायचे आणि पाळी सुरू होताना खिडकीतून एकेकाला द्यायचे, हे त्यांचं काम. माणूस खिडकीत आपल्या नंबरचं पितळी टोकन द्यायचा आणि दिवा घ्यायचा. वर आला की दिवा द्यायचा, टोकन घ्यायचा. पाळी सुटल्यावर कुणाचं टोकन खिळ्याला लटकलेलं राहिलं, तर तो माणूस अजून खाली आहे. तीस वर्षांच्या वर त्यांनी ती खिडकी सांभाळली. शिक्षण चौथी.

दिवा देण्याआधी ते तो पेटवून स्वतःच्या तळहातावर धरायचे. मी एकदाच त्यांच्या लॅम्परूमला गेलो होतो, तेव्हा हे पाहिलं होतं. तळहातावरचा उजेड पांढरा असेल तर दिवा खिडकीबाहेर जायचा, पिवळट असेल तर बाजूला. मीटरही होता तिथं, पण त्यांचा भरवसा हातावर. मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटलं. बायकोला घरी येऊन म्हणालोसुद्धा, की तुझे बाबा व्होल्टेज तळहातानं मोजतात. ती हसली नाही.

मामाजी रिटायर झाले ते हिवाळ्यात. दोन-चार दिवस लेकीकडे राहायला म्हणून एकटेच शहापूरला आले, सासूबाई चिखल्यालाच होत्या. त्या रविवारी खाणकामगारांनी चिखल्याला खाणीच्या कॉलनीच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठेवला होता, संध्याकाळी साडेसहाला. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या लोकांसाठी एक ट्रक सांगितला होता आणि तो आठला परत निघायचा होता, म्हणून सगळं आठच्या आत उरकायचं होतं. शाल-श्रीफळ तर होतंच, पण लोकांनी आणखी एक ठरवलं होतं. हॉलमध्ये टेबल मांडून लॅम्परूमची खिडकी करायची. प्रत्येकानं आपलं टोकन मामाजींच्या हातात द्यायचं, आणि मामाजींनी तोंडाकडे न बघता नुसत्या नंबरावरून माणसाचं नाव सांगायचं. ही गोष्ट त्यांनी जेवताना दोनदा सांगितली. एरवी ते एक गोष्ट एकदाही धड सांगत नसत.

"साऱ्यांचे नंबर मले पाठ हायेत जी," ते म्हणाले. "पन लोकाइसमोर बोलाची सवय नाई. चुकलो तं हासतीन."

त्यांचा बेत सकाळच्या बसनं निघायचा होता. पिशवी भरून तयार होती. मी म्हटलं, बस कशाला? ज्याचा सत्कार तो माणूस बसमधून धक्के खात जाणार? माझ्या गाडीतून जाऊ, दुपारी आरामात निघू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि पिशवी परत खुंटीला लावली. "जवाईबापू म्हनतेत तं तसंच," एवढंच म्हणाले.

गाडी मी त्याच वर्षी घेतली होती, सेकंडहँड. आमच्या घराण्यातली पहिली चारचाकी. तिचं तोंड मात्र खराब होतं, दिव्यांच्या मधल्या पत्र्याला गंज चढला होता. अशा तोंडाची गाडी घेऊन खाणीच्या कॉलनीत जायचं मला जड वाटत होतं. म्हणून मी शुक्रवारी ती भंडाऱ्याला रंगवायला टाकली. नुसतं तोंड रंगवायचं, रविवारी सकाळी तयार. सकाळी गेलो तर रंग ओला. दहाचे बारा झाले, बाराचे दोन. घरी येऊन, कपडे बदलून, बायको आणि मामाजींना घेऊन निघायला चार वाजले. मामाजी अकरापासून पांढरा सदरा घालून खुर्चीत बसले होते. सदऱ्याची घडी मोडू नये म्हणून पाठ टेकवत नव्हते. मला पाहून म्हणाले, "गाडी चकचकीत झाली जी." एवढ्यानं माझी छाती फुगली.

मोहाडी मागं पडली तेव्हा दिवस मावळला. मी दिवे लावले. उजेड पडला, पण कसा, तर देवळीत तेल संपत आल्यावर पडतो तसा. दोन्ही दिवे पिवळे, मेलेले. वर-खाली करून पाहिलं, तेच. रस्ता दिसेना म्हणून मी गाडी हळू घेतली. समोरून धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर येत होते, काहींना दिवाच नव्हता. कसंबसं तुमसर गाठलं. गाव ओलांडून राइस मिलांच्या रांगेपाशी आलो आणि पुढं जंगलातला रस्ता डोळ्यांसमोर आला, तेव्हा शेवटच्या मिलच्या पांढऱ्या भिंतीसमोर मी गाडी थांबवली. सहा वाजून गेले होते. तिथून चिखला पाऊण तासावर.

मी घाबरलो नव्हतो, उलट मनातून खूशच झालो होतो. डिक्कीत शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर होता, जास्तीचा बल्ब होता, पाने होते. आता मामाजींना दिसेल आपला जावई काय चीज आहे, असं माझ्या मनात आलं. मी बॉनेट उघडलं, बाह्या सारल्या आणि वर्गात बोलावं तसं मोठ्यानं बोलत कामाला लागलो.

पहिल्यांदा फ्यूज. शाबूत. मग डाव्या दिव्याचा होल्डर काढला, मीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसला लावली, लाल तार होल्डरच्या पिनेला. मीटर साडेबारा व्होल्ट दाखवत होता. "सप्लाय बरोबर आहे," मी जाहीर केलं. "म्हणजे बल्ब गेला." नवा बल्ब लावला. तोही पिवळा. दोन्ही बल्ब एकाच वेळी कसे जातील, हा प्रश्न माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं केव्हाच विचारला असता. मी तो स्वतःला विचारला नाही.

मामाजी उतरून समोर आले होते. त्यांनी त्या मरतुकड्या दिव्यासमोर तळहात धरला आणि हाताकडे पाहत राहिले.

"मामाजी, बाजूला व्हा," मी म्हटलं. "उजेड अडतो."

ते बाजूला झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "जवाईबापू, तुमी मंघा इंडिकेटर देल्लं, तवा हेडलाइट बी फडफडत व्हती. भितीवर दिसलं मले."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हॉर्नचा रिले काढून दिव्याच्या रिलेच्या जागी लावला. काही फरक नाही.

"जवाईबापू," ते पुन्हा म्हणाले, "एकडाव बॉडीकडून पाहून घेता का? वापस जानारी लाइन?"

यावर मी जे बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं. विसरता आलं असतं तर फार बरं झालं असतं. मी म्हटलं, "मामाजी, ही खाणीतली लाइन नाही. गाडीत डीसी करंट असतो, बॅटरीचा. त्याचं शास्त्र वेगळं असतं. तुम्ही गाडीत बसा."

बॅटरीवरच्या दिव्यांमध्ये ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला मी सांगितलं, की बॅटरीचं शास्त्र वेगळं असतं. लॅम्परूमच्या भिंतीला लागून चार्जिंगला लावलेल्या शेकडो बॅटऱ्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तरी त्या क्षणी माझ्या लेखी ते एक चौथी शिकलेले म्हातारे गृहस्थ होते आणि मी बी.एस्सी. बी.एड. होतो. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. यायला हवा होता. ते "हो जी" म्हणाले आणि वळले.

वळले तेवढ्यात तुमसरकडून एक काळी-पिवळी जीप आली. माणसं कोंबून भरलेली, पण टपावर जागा होती आणि ड्रायव्हर चिखल्याच्या अलीकडच्या गोबरवाहीच्या नावानं ओरडत होता. मामाजी थबकले. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे, पण मिलच्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ खिडकीतून दिसत होतं. पावणेसात.

"जवाईबापू, मी हिच्यानं निंगू का पुढं?" ते म्हणाले. "गोबरवाहीवरून कोनी बी सोडून देईन. तुमी आरामात या. लोकं वाट पाहून राह्यले असतीन."

हात जोडून विचारावं तसं त्यांनी ते विचारलं. आणि मी, तोंडात स्क्रू धरलेला असताना, मान हलवली. नाही म्हणून. स्क्रू काढून वर सांगितलं, "दहा मिनिटांचं काम आहे. टपावर बसून गेलात तर लोक मला काय म्हणतील?"

काळी-पिवळी गेली. मामाजी मागच्या सीटवर जाऊन बसले. दार लावताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी ओढून घेतलं.

त्यानंतर तासभर मी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही. स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं, दिव्यांच्या बटनाच्या तारा सोडवल्या, पुन्हा जोडल्या, एक स्क्रू हरवला तो मातीत शोधला. बॅटरीवर संशय घेतला, मग ज्यानं गाडी विकली त्याच्यावर. त्या बिचाऱ्याला शिव्याही दिल्या. होल्डरच्या पिनेपर्यंत करंट येतो हे मी चारदा मोजलं. पण तो परत कुठून जातो, हे एकदाही मोजलं नाही. फळ्यावर मी दरवर्षी दोन तारा काढतो. गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत एकच तार जाते, परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर फळा होता, गाडी नव्हती. परिपथ पूर्ण झाला का, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं. जो विचारत होता त्याला मी गाडीत बसवलं होतं.

मिलमधून उकडलेल्या धानाचा वास येत होता. थंडी पडली होती. बायको इतका वेळ माझ्याशेजारी टॉर्च धरून उभी होती. ती शाल आणायला म्हणून मागचं दार उघडून वाकली आणि तशीच थांबली. मी मान वर करून पाहिलं. अंधाऱ्या गाडीत मामाजी पाठ न टेकता बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते नंबर म्हणत होते. एक नंबर, मग एक नाव. पुढचा नंबर, पुढचं नाव. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं करतात तसं.

बायकोनं दार पूर्ण उघडलं. "बाबा, उतरा," ती म्हणाली. "तुमी पाहा."

"जवाईबापू पाहून राह्यले ना."

"लई पाह्यलं त्याइनं."

लग्नानंतर तिनं माझ्याबद्दल असं चारचौघांत काय, एकांतातही बोललेलं मला आठवत नाही. मी पाना खाली ठेवला. मामाजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी परवानगी मागितली. "मी जराक हात लावू का जी? तुमचं काम नाई बिघडवत."

त्यांनी माझ्या मीटरची एक तार मागून घेतली. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला दाबलं आणि दुसरं दिव्याच्या काळ्या तारेच्या पिनेला. मिलची भिंत पांढरी झाली. तिच्यावरची चुन्याची पोपडीसुद्धा दिसायला लागली. त्यांनी तार काढली, भिंत विझली. पुन्हा लावली, पुन्हा उजळली. तळहात पुढं धरून पाहिला आणि मान हलवली. मग ती काळी तार बोटानं चाचपत चाचपत ते मधल्या पत्र्यापर्यंत गेले. तिथं एका बोल्टाखाली ती तार कसलेली होती. बोल्ट सोडवला. तारेच्या टोकाच्या कडीखाली आणि पत्र्यावर गुळगुळीत, नवाकोरा रंग होता. रंगवणाऱ्यानं बोल्ट काढून, सगळं रंगवून, वरून परत लावला होता. रंगातून करंट धड जात नाही. माझ्या गाडीचं तोंड चकचकीत झालं म्हणून तिचे दिवे गेले होते.

मामाजींनी सत्काराच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात हात घालून सँडपेपरचा एक तुकडा काढला, दोन बोटांएवढा, घडी घातलेला. लॅम्परूममध्ये दिव्यांचे कॉन्टॅक्ट घासायला ते तो खिशात ठेवत. नोकरी संपली तरी तुकडा खिशातच होता. कडी घासली, पत्रा घासला, बोल्ट कसला. मी दिव्याचं बटन दाबलं आणि समोरचा रस्ता पार पुढच्या वळणापर्यंत दिसला. सगळ्याला मिळून दहा मिनिटंही लागली नसतील.

"रंग लागला व्हता थोडासा," ते म्हणाले. "रंगवाल्याची बी चूक नाई. त्याले कोनी सांगतलं नसन."

मिलच्या घड्याळात आठ वाजले होते.

गोबरवाहीच्या अलीकडे एक ट्रक समोरून आला, मागं उभी माणसं, चादरी पांघरलेली. मी दिवे खाली केले. मागच्या सीटवरून मामाजी वळून त्या ट्रककडे बघत राहिले. तोच ट्रक होता की दुसरा, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

हॉलमध्ये खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावल्या होत्या. सासूबाई पुढच्या रांगेतल्या एकमेव खुर्चीवर बसून होत्या. कॉलनीत राहणारे पाच-सहा जण तेवढे थांबले होते. टेबल होतं, टेबलावर फुलांचा हार आणि खाणीतला एक दिवा होता. टोकनं नव्हती. दुसऱ्या दिवशी पाळीला लागणार म्हणून लोक आपापली टोकनं घेऊन गेले होते. त्यांनी आठ वाजून वीस मिनिटांपर्यंत ट्रक थांबवून धरला होता.

घाईघाईनं हार घातला, शाल दिली. टाळ्या वाजल्या, त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मोजता याव्यात अशा. कुणीतरी विचारलं, "बाबा, एवढा उशीर काहून झाला?"

माझी मान खाली होती. आता ते सांगतील असं मला वाटलं, आणि मला ते हवंही होतं. निदान आता म्हणतो की हवं होतं.

मामाजी म्हणाले, "रस्त्यात गाडीची लाइट गेली जी. जवाईबापू होते म्हनून पोचलो. थंडीत उभं राहून त्याइनंच दुरुस्त केली. मले तं काई समजत नाई त्या गाडीतलं."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. कुणी म्हणालं, मास्तर हायेत शेवटी. एकानं विचारलं, काय झालं होतं, सर? तिथं मला गप्प राहता आलं असतं. गप्प राहिलो असतो तरी आज थोडं हलकं वाटलं असतं. मी गप्प राहिलो नाही. मी म्हटलं, "काही नाही, अर्थिंगचा प्रॉब्लेम होता. गाडीत परतीची तार नसते, बॉडीच अर्थिंग असते. पत्र्याला रंग लागला की परिपथ पूर्ण होत नाही." वर्गातल्या आवाजात, बोट वर करून. मामाजी गळ्यात हार घालून माझ्या शेजारी उभे होते आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवत होते. बायको हॉलच्या दारात उभी होती. ती तिथूनच बाहेर गेली.

पुन्हा एकदा कार्यक्रम ठेवू, सगळ्यांना बोलावू, टोकनं आणू, असं लोक म्हणाले. तो काही झाला नाही. अशा गोष्टी दुसऱ्यांदा होत नसतात. मामाजींनी तो विषय कधी काढला नाही. दिव्याची गोष्ट मात्र ते गावभर सांगत राहिले. लग्नात, बारशात, कॉलनीच्या पारावर, जवाईबापूनं अंधारात गाडीची लाइट कशी दुरुस्त केली ते. दर वेळी गोष्टीत माझं काम वाढत गेलं. त्यात टोमणा असता तर मला सोसला असता. त्यात टोमणा नव्हता. मी दोन-तीनदा मनाशी ठरवलं, की आता त्यांच्यासमोर, लोकांसमोर खरं सांगायचं. पण त्यांच्या घरी गेलं की ते वाकून पाया पडायचे, आणि माझं ठरवलेलं सगळं राहून जायचं.

चार वर्षांनी ते गेले. जलदान विधीला कॉलनीतले आणि खेड्यापाड्यांतले बरेच कामगार आले होते. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून दोन शब्द बोलायला लागला. टोकन, खिडकी, तळहात, सगळं निघालं. एक म्हातारे खाणकामगार उठले आणि त्यांनी ती दिव्याची गोष्ट सांगितली, मामाजींच्या शब्दांत. सांगून झाल्यावर माझ्याकडे बोट दाखवलं.

मी उठलो. मी सगळं सांगितलं. रंगाचं सांगितलं, डीसी करंटचं सांगितलं, काळी-पिवळीला मी नाही म्हटलं तेही सांगितलं. गाडी त्यांनी दुरुस्त केली, दहा मिनिटांत, खिशातल्या सँडपेपरनं, आणि ज्या कार्यक्रमासाठी त्यांनी ते नंबर घोकले होते तो माझ्यामुळं बुडाला.

ते म्हातारे कामगार हळूच उठले, माझ्यापाशी आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांकडे वळले. "पाह्यलं?" ते म्हणाले. "सारं मोठेपन सासऱ्याले देऊन राह्यले. बाबा म्हनतच होते, माहा जवाई लई शिकला, पन गर्व नाई त्याले." लोकांनी माना डोलावल्या. मागं कुणीतरी डोळे पुसले. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, पण पुढचा माणूस बोलायला उभा राहिला होता.

परत येताना दुपार कलली होती. सासूबाईंनी त्यांचे काही सदरे लेकीला दिले होते, ते मांडीवर घेऊन बायको शेजारी बसली होती. तुमसरच्या त्या मिलच्या भिंतीपाशी आलो तेव्हा मी म्हटलं, "मी सांगितलं. कुणी मानलंच नाही."

ती भिंतीकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "त्या दिवशी हॉलमधी सांगतलं असतं, तं बाबांनं आयकलं असतं."

अंधार पडायला अजून अवकाश होता, तरी मी दिवे लावले.